घरगुती पक्षिखाद्य आणि पक्षिगणना

घराच्या अंगणात, परसात, गच्चीवर किंवा खिडकीत वन्य पक्ष्यांसाठी धान्य, फळे, पाणी इत्यादी ठेवण्याच्या प्रथेस घरगुती पक्षिखाद्य असे म्हणता येते. अशा ठिकाणी येणाऱ्या पक्ष्यांच्या जाती व त्यांची संख्या ठरावीक पद्धतीने नोंदवून ठेवणे म्हणजे घरगुती पक्षिगणना होय. पहिली गोष्ट भूतदया, धर्माचार किंवा छंद म्हणून केली जाते. दुसरीमुळे त्या छंदास अभ्यासाचे स्वरूप येते. चिमणी, साळुंकी, कावळा, बुलबुल यांसारख्या मानवी वस्तीत राहणाऱ्या पक्ष्यांची संख्या वाढते आहे की घटते आहे, याविषयीची बरीचशी माहिती जगभर अशा हौशी निरीक्षकांच्या नोंदींतून मिळाली आहे. मात्र खाद्य दिल्याने सर्वच पक्ष्यांचे भले होते असे नाही. काही जातींना त्याचा लाभ होतो, काहींना होत नाही, तर काहींची संख्या खाद्यपात्रांवरून पसरलेल्या रोगांमुळे घटल्याची उदाहरणे आहेत.

पार्श्वभूमी

भारतात पक्ष्यांना अन्न देण्याची परंपरा प्राचीन आहे. गृहस्थाने नित्य करावयाच्या पंचमहायज्ञांपैकी भूतयज्ञात इतर प्राणिमात्रांसाठी अन्नाचा भाग काढून ठेवणे अभिप्रेत आहे. महाराष्ट्रात पितृपक्षात कावळ्यासाठी घास ठेवण्याची चाल, म्हणजेच काकबळी, आजही पाळली जाते. गुजरातेत गावोगावी खांबावर उभारलेले नक्षीदार चबुतरे आढळतात. त्यांवर पक्ष्यांसाठी दाणे टाकले जातात. मुंबईतील कबुतरखाने याच परंपरेतील होत. दादर येथील कबुतरखाना १९३३ साली बांधण्यात आला. शेतकरी कुटुंबांत ज्वारी-बाजरीची कणसे ओसरीला किंवा तुळईला टांगून ठेवली जात व त्यांवर चिमण्या येत. धान्य पाखडताना व निवडताना अंगणात पडणारे दाणे हाही पक्ष्यांचा नित्याचा आहार असे.

युरोपात या प्रथेचे मूळ मुख्यतः कडक हिवाळ्यात आहे. १८९०-९१ च्या हिवाळ्यात ब्रिटनमध्ये तीव्र थंडी पडली, तेव्हा पक्ष्यांसाठी अन्न ठेवावे असे आवाहन वृत्तपत्रांनी केले. पुढे विसाव्या शतकात तेथे तयार पक्षिखाद्य व खाद्यपात्रे यांचा मोठा व्यवसाय उभा राहिला. भारतात हे प्रामुख्याने पुण्यकर्म मानले गेले, तर ब्रिटन व उत्तर अमेरिकेत ते निसर्गनिरीक्षणाच्या छंदाशी जोडले गेले. त्यामुळे दीर्घकालीन नोंदी प्रथम त्या देशांत जमा झाल्या.

खाद्य व पाणी

महाराष्ट्रात घरी येणाऱ्या पक्ष्यांचे आहारानुसार ढोबळमानाने पुढील गट पडतात.

दाणे टिपणारे पक्षी: चिमणी, मुनिया, होला व पारवा. यांना बाजरी, ज्वारी, राळे व तांदळाची कणी चालते.

फळे खाणारे पक्षी: बुलबुल, तांबट, कोकीळ व पोपट. पेरू, पपई, केळे इत्यादींच्या फोडी यांना आवडतात.

मधुरस पिणारे पक्षी: शिंजीर अर्थात सूर्यपक्षी. त्याच्यासाठी साखरेचे पाणी ठेवण्यापेक्षा जास्वंदीसारखी फुलझाडे लावणे अधिक योग्य ठरते.

कीटकभक्षी पक्षी: दयाळ, शिंपी, वटवट्या. हे पक्षी खाद्यपात्रावर सहसा येत नाहीत. झाडोरा, पालापाचोळा व कीटकनाशकमुक्त माती हेच त्यांचे खाद्यपात्र होय.

सर्वभक्षी पक्षी: कावळा व साळुंकी. हे घरातील उरलेल्या अन्नावरही जगतात.

खारट व तळलेले पदार्थ पक्ष्यांना अपायकारक असतात, कारण जादा मीठ शरीराबाहेर टाकण्याची त्यांची क्षमता मर्यादित असते. पावाने पोट भरते, परंतु पोषण फारसे होत नाही. दुधातील शर्करा पक्ष्यांना पचत नाही. बुरशी आलेल्या शेंगदाण्यांत अफ्लाटॉक्सिन हे विष असू शकते, म्हणून असे दाणे टाकू नयेत.

उन्हाळ्यात अन्नापेक्षा पाण्याची गरज अधिक असते. विदर्भ-मराठवाड्यात तापमान चाळीस अंशांच्या पुढे जाते, तेव्हा सावलीत ठेवलेले पाण्याचे उथळ मातीचे भांडे अनेक जातींना उपयोगी पडते. त्यांत एरवी खाद्यपात्रावर न येणारे कीटकभक्षी पक्षीही असतात. भांडे तीन ते पाच सेंटिमीटरांहून खोल नसावे. पाणी रोज बदलावे व भांडे घासावे, अन्यथा त्यात डासांची पैदास होते.

गणनेची पद्धत

एकाच ठिकाणच्या नोंदी वर्षानुवर्षे तुलनायोग्य राहाव्यात यासाठी काही नियम पाळले जातात.

१. वेळ निश्चित असावी. दर आठवड्यास एकदा, सकाळच्या ठरावीक वेळी, पंधरा मिनिटे किंवा एक तास असा नियम करता येतो. एकदा ठरविलेला कालावधी बदलू नये.

२. प्रत्येक जातीचे एका वेळी एकत्र दिसलेले सर्वाधिक पक्षी नोंदवावेत. उदाहरणार्थ, एका तासात प्रथम ४, नंतर ६ व शेवटी ३ चिमण्या दिसल्या, तर नोंद ६ अशी करावी. त्यांची बेरीज १३ धरू नये, कारण तेच पक्षी पुनःपुन्हा येत असण्याची शक्यता असते.

३. शून्याचीही नोंद करावी. ज्या दिवशी चिमणी आली नाही, तो दिवस वहीतून गाळल्यास ती क्वचित येऊ लागल्याचे पुढे कळणार नाही. पक्षी आला तरच वही उघडण्याची सवय हा घरगुती नोंदींतील सर्वांत मोठा दोष आहे.

४. खाद्याचा प्रकार, प्रमाण व जागा यांतील बदल लिहून ठेवावेत. तसेच शेजारचे झाड तोडले गेले, नवी इमारत उभी राहिली, खिडकीला जाळी बसविली, मांजर वावरू लागले अशा घटनाही नोंदवाव्यात.

५. ओळख पटली नसेल तर तसे स्पष्ट लिहावे. अंदाजाने नाव घालू नये.

प्रमुख उपक्रम

ब्रिटनमध्ये रॉयल सोसायटी फॉर द प्रोटेक्शन ऑफ बर्ड्स (आरएसपीबी) ही संस्था १९७९ पासून 'बिग गार्डन बर्डवॉच' हा उपक्रम चालविते. बीबीसीच्या 'ब्लू पीटर' या बालकार्यक्रमाच्या साहाय्याने मुलांसाठी त्याचा आरंभ झाला. जानेवारीच्या अखेरच्या आठवड्याअखेरीस नागरिक एक तास आपल्या बागेतील पक्षी मोजतात. ब्रिटिश ट्रस्ट फॉर ऑर्निथॉलॉजी (बीटीओ) ही संस्था १९७० च्या दशकाच्या प्रारंभापासून खाद्यपात्रांवरील पक्ष्यांच्या नोंदी ठेवीत आहे. १९९५ पासून तिचा 'गार्डन बर्डवॉच' हा साप्ताहिक नोंदींचा उपक्रमही सुरू आहे.

कॅनडातील ऑन्टॅरिओ प्रांतात १९७६ साली खाद्यपात्रांवरील पक्ष्यांचे सर्वेक्षण सुरू झाले. त्याचाच विस्तार होऊन १९८७ पासून 'प्रोजेक्ट फीडरवॉच' हा संपूर्ण उत्तर अमेरिकेचा उपक्रम झाला. कॉर्नेल लॅब ऑफ ऑर्निथॉलॉजी व नॅशनल ऑड्युबॉन सोसायटी यांनी १९९८ मध्ये 'ग्रेट बॅकयार्ड बर्ड काउंट' सुरू केला. फेब्रुवारीत चार दिवस चालणारी ही गणना २०१३ पासून जागतिक झाली व त्याच वर्षापासून भारतीय निरीक्षकही तीत सहभागी होऊ लागले. भारतातील नोंदी मुख्यतः 'ई-बर्ड' या संगणकीय संचात जमा होतात. महाराष्ट्रात मारुती चितमपल्ली व सालिम अली यांच्या जन्मदिनांना जोडून ५ ते १२ नोव्हेंबर हा पक्षी सप्ताह पाळला जातो.

नोंदींतून दिसून आलेले बदल

ब्रिटनमध्ये १९७९ च्या पहिल्या गणनेत स्टार्लिंग हा पक्षी अग्रस्थानी होता. एका बागेत सरासरी १५ स्टार्लिंग दिसत. त्यानंतरच्या चार दशकांत त्याच्या सरासरीत सुमारे चार पंचमांश घट झाली. चिमणीची सरासरीही निम्म्याहून खाली आली, तरीही अलीकडील अनेक गणनांत तीच प्रथम क्रमांकावर राहिली. क्रमांक व संख्या या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हे या उदाहरणावरून स्पष्ट होते: इतर पक्षी अधिक वेगाने घटल्यास स्वतः घटणारी जातही पहिली येऊ शकते.

याउलट काही जातींचा खाद्यपात्रांवरील वावर वाढला. बीटीओच्या नोंदींवर आधारित २०१९ मधील अभ्यासानुसार १९७२ साली सुमारे ८ टक्के खाद्यपात्रांवर दिसणारा गोल्डफिंच पुढे ८७ टक्के खाद्यपात्रांवर दिसू लागला. वुडपिजनचे प्रमाण २० टक्क्यांवरून ८८ टक्क्यांपर्यंत गेले. खाद्याचे प्रकार वाढल्याने निरनिराळ्या जाती बागांकडे वळल्या, असा निष्कर्ष त्यातून काढण्यात आला. मध्य युरोपातील ब्लॅककॅप पक्ष्यांपैकी काही पूर्वीप्रमाणे दक्षिणेकडे न जाता हिवाळ्यात ब्रिटनमध्ये येऊ लागले. सौम्य होत गेलेल्या हिवाळ्याबरोबरच बागांतील खाद्याचाही त्यात वाटा असल्याचे आढळले.

न्यूझीलंडमधील ऑकलंड शहरात काही बागांत पाव व दाणे नियमित ठेवून आणि काही बागांत न ठेवता अठरा महिने तुलना करण्यात आली. त्याचे निष्कर्ष २०१५ साली प्रसिद्ध झाले. खाद्य ठेवलेल्या बागांत चिमणी व ठिपकेदार होला या बाहेरून आणलेल्या जाती वाढल्या, तर ग्रे वॉर्बलर हा स्थानिक कीटकभक्षी पक्षी कमी झाला. खाद्य बंद केल्यावर हे परिणाम बहुतांशी ओसरले. कोणते खाद्य ठेवले यावर कोणता पक्षी वाढणार हे अवलंबून असते, असे यावरून दिसते.

भारतासंबंधीचे चित्र 'स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्स' या अहवालांतून मिळते. २०२३ च्या अहवालात ९४२ जातींचा आढावा घेण्यात आला. दीर्घकालीन कल ठरविण्याइतकी माहिती उपलब्ध असलेल्या ३३८ जातींपैकी ६० टक्के जातींत घट आढळली. मोर, कोकीळ व पारवा यांसारख्या काही जाती मात्र सुस्थितीत असल्याचे किंवा वाढल्याचे दिसून आले. हे अहवाल प्रामुख्याने हौशी निरीक्षकांनी दिलेल्या लक्षावधी नोंदींवर आधारलेले आहेत.

चिमणी

'पूर्वी घरात चिमण्या असत, आता दिसत नाहीत' ही तक्रार महाराष्ट्रातील शहरांत सर्रास ऐकू येते. २०२० च्या अहवालाने या तक्रारीस आधार दिला व मर्यादाही घातली. देशभराचा विचार करता चिमणीची संख्या सुमारे पंचवीस वर्षांत साधारण स्थिर असल्याचे त्यात आढळले. मात्र मुंबई, दिल्ली, कोलकाता, चेन्नई, बंगळूर व हैदराबाद या महानगरांत तिची घट झाल्याचे दिसले. म्हणजे शहरवासीयाचा अनुभव खोटा नाही, परंतु तो संपूर्ण देशास लागू पडत नाही.

शहरांतील घटीची अनेक कारणे सांगितली जातात. कौलारू घरे, तुळया, भिंतींतील कोनाडे व तसबिरींच्या मागील जागा गेल्याने घरट्यांस आसरा उरला नाही. धान्य आता पाखडून व निवडून न घेता पिशवीबंद मिळत असल्याने अंगणात दाणे पडत नाहीत. झुडपे व मोकळी माती कमी झाल्याने कीटक घटले. यांपैकी अखेरचे कारण विशेष महत्त्वाचे मानले जाते, कारण प्रौढ चिमणी दाणे खात असली तरी तिची पिल्ले पहिल्या काही दिवसांत मुख्यतः अळ्या व कीटक यांवर वाढतात. लंडनमध्ये चिमण्यांच्या काही वसाहतींना प्रजननकाळात अळ्यांचा पूरक आहार देण्यात आला, तेव्हा पिल्ले जगण्याचे प्रमाण वाढले. परंतु प्रौढांच्या संख्येत त्या मानाने वाढ झाली नाही. एकच उणीव भरून काढल्याने प्रश्न सुटत नाही, असा याचा अर्थ होतो.

भ्रमणध्वनीच्या मनोऱ्यांमुळे चिमण्या नष्ट झाल्या, असा समज लोकप्रिय आहे; तथापि शहरांतील घटीचे तेच मुख्य कारण असल्याचे सिद्ध झालेले नाही. ब्रिटनमधील घट भ्रमणध्वनीचा प्रसार होण्याच्या बऱ्याच आधी, १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धातच सुरू झाली होती. चिमणीविषयी जागृतीसाठी २० मार्च हा जागतिक चिमणी दिवस म्हणून २०१० पासून पाळला जातो. नाशिकच्या नेचर फॉरएव्हर सोसायटीचा त्यात पुढाकार होता. २०१२ साली दिल्लीने चिमणीस राज्यपक्षी घोषित केले.

पारवा

पारव्याचे उदाहरण चिमणीच्या नेमके उलट आहे. पारव्याची नर-मादी दोघेही आपल्या अन्नपुटात तयार होणारा दुधासारखा स्राव पिल्लांना भरवतात. त्यामुळे त्यांच्या पिल्लांना कीटकांची गरज नसते. केवळ धान्यावर सर्व ऋतूंत वीण होऊ शकते. डोंगरकपारीत राहणाऱ्या या पक्ष्याला उंच इमारतींचे सज्जे, वातानुकूलन यंत्रांमागील फटी व पुलांचे खोबणे कड्यांप्रमाणेच सोयीचे वाटतात. म्हणून शहरात टाकलेल्या मूठभर धान्याचा सर्वाधिक लाभ बहुधा पारव्यास होतो व चिमण्यांसाठी ठेवलेले दाणेही तोच संपवितो.

पारव्यांच्या वाळलेल्या विष्ठेची व पिसांची धूळ सतत श्वासावाटे गेल्यास काही व्यक्तींना 'हायपरसेन्सिटिव्हिटी न्युमोनायटिस' हा फुप्फुसांचा विकार होतो. या कारणास्तव २०२५ च्या जुलैमध्ये महाराष्ट्र शासनाने मुंबईतील कबुतरखाने बंद करण्याचे निर्देश दिले. त्यास भूतदयेची परंपरा जपणाऱ्या नागरिकांनी विरोध केला व प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेले.

स्वित्झर्लंडमधील बाझेल शहरात दीर्घकाळ पारवे मारूनही त्यांची संख्या कमी झाली नव्हती, कारण अन्न मुबलक असल्याने रिकामी झालेली जागा नवे पक्षी लगेच भरून काढीत. १९८८ ते १९९२ या काळात तेथे लोकशिक्षणाद्वारे दाणे टाकणे कमी करण्यात आले व ठरावीक जागी देखरेखीखालील खुराडी उभारून अंडी काढून घेण्यात आली. परिणामी सुमारे २०,००० पारव्यांची संख्या जवळपास निम्मी झाली.

रोगप्रसार व स्वच्छता

एरवी विखुरलेले पक्षी खाद्यपात्रावर दाटीने एकत्र येतात. त्यांची लाळ व विष्ठा त्याच अन्नात मिसळल्यास रोग पसरतो. ब्रिटनमध्ये २००५ पासून फिंच कुळातील पक्ष्यांत ट्रायकोमोनास गॅलिनी या परजीवीचा संसर्ग आढळू लागला. त्यामुळे घसा सुजून पक्ष्यास अन्न गिळता येत नाही. २००९ पर्यंत ग्रीनफिंचची संख्या सुमारे ४३ लाखांवरून २८ लाखांवर आली व २०२१ मध्ये ही जात तेथील लाल यादीत गेली. एकेकाळी बागांत सर्रास दिसणाऱ्या पक्ष्यावर ही वेळ त्याच्याविषयी आस्था असणाऱ्या लोकांच्याच बागांतून आली. २०२५ च्या आरंभी आरएसपीबीने सपाट खाद्यपात्रांची विक्री थांबविली, कारण त्यांवर अन्न व विष्ठा सहज मिसळतात.

अमेरिकेत १९९४ च्या हिवाळ्यात वॉशिंग्टनच्या परिसरात हाउस फिंच पक्ष्यांचे डोळे सुजलेले खाद्यपात्रांवरील निरीक्षकांना दिसले. मायकोप्लाझ्मा गॅलिसेप्टिकम या जिवाणूचा हा संसर्ग पुढे खंडाच्या पूर्व भागात पसरला. त्याच्या प्रसाराचा मागोवा घेण्यात घरगुती नोंदींचा मोठा उपयोग झाला. खाद्यपात्रे रोग पसरवू शकतात आणि त्यांवरील नोंदींमुळेच तो लवकर लक्षातही येतो, अशा दोन्ही बाजू या घटनेत दिसतात.

यावरून पुढील काळजी सुचविली जाते: एका दिवसात संपेल इतकेच खाद्य ठेवावे, पात्र दर आठवड्यास धुऊन पूर्ण वाळवावे, जागा अधूनमधून बदलावी, पिसे फुगवून सुस्त बसलेला किंवा डोळे सुजलेला पक्षी दिसल्यास काही आठवडे खाद्य बंद ठेवावे, पात्र हाताळल्यावर हात धुवावेत. पक्षी काचेवर आपटू नयेत म्हणून पात्र खिडकीपासून एक मीटरच्या आत किंवा दहा मीटरहून दूर असावे.

नोंदींचा अर्थ लावताना

खाद्यपात्रावरील संख्या म्हणजे परिसरातील संख्या नव्हे. पावसाळ्यात कीटक मुबलक असतात आणि पुढे शेतांत कणसे भरतात, तेव्हा पात्रावर पक्षी कमी येतात. ही घट नसून आहारातील बदल असतो. कोकीळ हिवाळ्यात फारसा ओरडत नाही, म्हणून तो निघून गेल्याचा भास होतो. शेजारच्या घरी नवे पात्र लागल्यास आपल्याकडील पक्षी तिकडे जातात. शिकरा परिसरात आल्यास लहान पक्षी काही काळ दिसेनासे होतात. याउलट, आसपासची झाडे तोडली गेल्याने उरलेले पक्षी एकाच खिडकीत गोळा झाले, तर संख्या घटत असतानाही नोंदवहीत वाढ दिसू शकते.

म्हणून एका आठवड्याची तुलना मागील आठवड्याशी न करता मागील वर्षाच्या त्याच आठवड्याशी करावी. किमान तीन-चार वर्षांच्या नोंदींशिवाय निष्कर्ष काढू नये व एका घराच्या नोंदी अनेक घरांच्या नोंदींशी ताडून पाहाव्यात. एकट्या वहीस फारसे महत्त्व नसले तरी हजारो वह्या एकत्र आल्यावर स्थानिक चढउतार परस्परांत जिरतात व खरा कल दिसू लागतो. 'स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्स' किंवा 'बिग गार्डन बर्डवॉच' यांचे बळ यातच आहे.

नोंदींचा आणखी एक उपयोग म्हणजे स्मरणशक्तीच्या दोषावर मात करणे. प्रत्येक पिढी आपल्या बालपणी पाहिलेली पक्षिसंख्या नैसर्गिक मानते व पुढील घट त्यापासूनच मोजते. आजीने पाहिलेले थवे नातवाच्या हिशेबात येत नाहीत. लिहून ठेवलेली तारीख व आकडा मात्र बदलत नाही. आज सामान्य वाटणाऱ्या साळुंकी, बुलबुल, कावळा यांच्या नोंदी म्हणूनच दुर्मीळ पक्ष्यांच्या नोंदींइतक्या महत्त्वाच्या ठरतात, कारण चिमणी सर्वत्र होती तेव्हा शहरांतील तिची संख्या फारशी कोणी मोजून ठेवली नव्हती.